मामाच्या ऑफिसातला डेल आणि माझे १५ हजार

धाकट्याची बारावी संपली आणि शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं माझा जुना शब्द बाहेर काढला, "ताई, तू म्हणाली होती ना, बारावी झाली की गेमिंग पीसी." म्हणाले होते खरं. तेव्हा मला नुकती नोकरी लागली होती आणि किमती काही माहीत नव्हत्या. आता नागपुरात बर्डीवर दोन दुकानांत विचारलं तर नवीन, अगदी साधा, पण बरे गेम चालतील असा सेट मॉनिटर धरून पन्नास हजारांच्या घरात जात होता, आणि माझ्याकडे बाजूला काढून ठेवलेले होते १५ हजार. त्याला नाही म्हणायचं नव्हतं. बारावीत पोरानं मोबाइल आईकडे जमा करून अभ्यास केला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय.

(हे सगळं २०२५च्या उन्हाळ्यापासूनचं आहे, किमती तेव्हाच्या. जुन्या मालाच्या किमती तर माणसागणिक बदलतात त्यामुळे आकडे फक्त अंदाजासाठी धरा.)

मामाचं धंतोलीत टॅक्सचं ऑफिस आहे, जीएसटी, रिटर्न, टॅली वगैरे. एप्रिलमध्ये सहज गेले तर दाराजवळ दोन जुने सीपीयू ठेवलेले. मामा म्हणाला, "नवीन घेतले ना बाप्पा दोन. कबाडीवाला एकाचे हजार रुपये देऊन राहिला. तुला पाहिजे तर एक घेऊन जा, दुसरा मी टायपिंगसाठी ठेवतो." एक होता बारका, पुस्तकासारखा आडवा ठेवायचा, डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०. दुसरा उभा, जाड, ऑप्टिप्लेक्स ९०२०. धाकट्याला बारका आवडला, टेबलवर छान दिसेल म्हणे. मी जाड उचलला आणि आज सांगते की या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं सगळ्यात बरोबर काम तेच.

कारण असं की बारक्या डब्यात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग, बसवायचं तर ते अर्ध्या उंचीचं लागतं, तशी कार्डं कमी मिळतात आणि जुन्यात मिळालीच तरी महाग. जाड टॉवरमध्ये साधं पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर घेणारे बहुतेक लोक विचारतात प्रोसेसर कोणता, रॅम किती. आधी डबा कोणता ते बघा, आणि मग डबा उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. मी मामाच्या ऑफिसातच फरशीवर बसून उघडला. या मॉडेलला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, बाजूची कडी ओढली की झाकण निघतं, आत जिथं जिथं हातानं उघडता येतं तिथं निळ्या रंगाचं प्लास्टिक दिलंय, डेलच्या त्या काळच्या मशिनींची ही गोष्ट मला खूप आवडली. लेबलवर लिहिलं होतं २९० वॉट. ग्राफिक्स कार्डासाठी जी वेगळी सहा पिनची वायर लागते ती नव्हतीच. आणि मदरबोर्डला जाणारी वायर नेहमीची २४ पिनची नाही तर डेलची स्वतःची ८ पिनची. म्हणजे बाजारातला कोणताही सप्लाय आणून लावला असं होत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तो बाहेरून मागवावा लागतो. मी तिथेच ठरवलं की पॉवर सप्लायला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते या २९० वॉटमध्ये.

उघडल्यावर आतलं दृश्य सांगते. प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागावर, धुळीची गादी बसली होती, खरोखर गादी, बोटानं उचलली तर नमद्यासारखी अख्खी निघाली. त्यात उदबत्तीची राख मिसळलेली, कारण मामा दर दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा करतो. डब्याच्या वरच्या बाजूला हळदकुंकवाचं स्वस्तिक, दरवर्षी त्याच जागी काढून काढून प्लास्टिकला कायमचा पिवळा डाग पडलेला, आणि मागच्या जाळीत झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकलेली. सगळी धूळ साफ केली पण ते स्वस्तिक मी पुसलं नाही.

घरी न्यायच्या आधी एक काम केलं, आणि ज्यांना कुणाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मिळेल त्यांनी ते नक्की करावं. हार्डडिस्क काढून मामाच्या हातात दिली. त्यात त्याच्या क्लायंट लोकांचे दहा वर्षांचे पॅन, आधार, बँकेचे कागद. मामा म्हणाला फॉरमॅट कर की, काय फरक पडतो. पण साध्या फॉरमॅटनं डेटा जात नाही, परत काढता येतो. आणि एकदा का कुणाच्या पोराच्या गेमिंग मशीनमध्ये क्लायंटचं आधार निघालं तर नाव मामाचं जाईल. डिस्क त्यानं कपाटात ठेवून दिली.

मशीनमध्ये होतं काय तर इंटेलचा आय-फाईव्ह ४५९०, चौथ्या जनरेशनचा, चार कोर, ३.३ गिगाहर्ट्झ आणि जोर लावला की ३.७ पर्यंत जातो. ४ जीबीची एकच रॅम, डीडीआर-३. मामानं २०१४ला घेतला होता, म्हणजे अकरा वर्षांचा. इथे एक गोष्ट मला खूप शोधल्यावर कळली की तिसरी जनरेशन आणि चौथी जनरेशन दिसायला सारखीच पण चौथीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना आल्या आणि काही नवे गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. तेव्हा कुणी ऑप्टिप्लेक्स ७०१० पाच-सातशे स्वस्त देत असेल तर मोहात पडू नका, तो तिसरीतला आहे.

पहिला रविवार साफसफाईत गेला. गल्लीतल्या गाड्या धुणाऱ्या दादाकडे ब्लोअर आहे, त्याच्याकडे नेला, त्यानं हवा मारली तर एवढी धूळ उडाली की बाजूचा पानठेलेवाला ओरडला. फॅनला मात्र बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरानं तो भणाणा फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. मग प्रोसेसरचा हीटसिंक काढला. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती, नखानं टोकरली तर पापुद्रे निघाले. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, कापसानं हळूहळू पुसलं, चिपवरची अक्षरं दिसायला लागली तेव्हा धाकट्याला दाखवलं, तो तेवढ्यानंच खूश. १५० रुपयांची नवी पेस्ट, हरभऱ्याच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवायची आणि वरून हीटसिंक सरळ दाबून चारही स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं थोडे थोडे आवळायचे, एकच स्क्रू पूर्ण आवळला तर पेस्ट एकीकडे सरकते.

मग रॅम. बर्डीवरच्या एका दुकानात गेलो दोघं. मी विचारून राहिले आणि दुकानदार उत्तर धाकट्याला देऊन राहिला, हे मला लागतं पण तो विषय वेगळा. ८ जीबीच्या दोन जुन्या रॅम मागितल्या, डीडीआर-३ डेस्कटॉपच्या. त्यानं दोन चमकदार नव्या काढल्या, जुन्यापेक्षाही स्वस्त. घरी येऊन लावल्या तर स्क्रीन काळी, बीप, आणि पॉवरचं बटण नारिंगी लुकलुकायला लागलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं, त्याला वाटलं मशीनच गेलं. मी जुनी ४ जीबी परत लावली तर चालू. म्हणजे दोष रॅमचा. पाकीट नीट पाहिलं तर मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त एएमडी. अशा स्वस्त ८ जीबीच्या डीडीआर-३ रॅम बाजारात खूप आहेत, त्या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डासाठी असतात, आमच्यासारख्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. दुसरा सापळा आहे सर्व्हरमधून काढलेल्या रॅमचा, १६ जीबीची एकच पट्टी अगदी कमी किमतीत, तीही डेस्कटॉपला चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून मागितल्या, थोडी वादावादी झाली, शेवटी त्यानं जुन्या पण नामांकित कंपनीच्या दोन काढून दिल्या आणि मी म्हटलं माझ्यासमोर लावून दाखवा. दाखवल्या. दोन मिळून १,३०० रुपये. दोन पट्ट्या घ्यायचं कारण हे की जोडीनं लावल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकाच वेळी वाचतो, ८ जीबीची एकच लावण्यापेक्षा गेममध्ये चांगलाच फरक पडतो. कोणत्या खाचेत लावायच्या ते डेलच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलंय.

एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, नवीनच घेतली, जुनी घेण्यात अर्थ नाही, ती वापरानं झिजणारी वस्तू आहे. ५१२ जीबी, साटावाली म्हणजे हार्डडिस्कच्याच वायरीवर लागणारी, २,७०० रुपये. डब्यात अडीच इंची एसएसडीसाठी वेगळी जागा नव्हती तेव्हा हार्डडिस्कच्या निळ्या ट्रेमध्ये दुतोंडी टेपनं चिकटवली, एसएसडीत फिरणारं काही नसतं त्यामुळे चालतं. विंडोज टेन नव्यानं टाकलं, आणि मला भीती होती की लायसन्स मागेल, पण मामाच्या मशीनवर आधीपासून खरं विंडोज टेन होतं आणि त्याची नोंद मदरबोर्डाशी बांधलेली असते, त्यामुळे नेट लावल्याबरोबर आपोआप ॲक्टिव्हेट झालं. एक पैसा नाही लागला. चालू करून डेस्कटॉप यायला पंधरा-सोळा सेकंद. मामाच्या ऑफिसात हाच कॉम्प्युटर सुरू करून मुनीमकाका चहा प्यायला जायचे.

आता मुख्य गोष्ट, कार्ड.

हिशेब असा आहे. मदरबोर्डावरची जी लांब खाच असते ती कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. सहा पिनची वायर नाही म्हणजे आपल्याला ७५ वॉटच्या आतलंच कार्ड पाहिजे. प्रोसेसर ८४ वॉटचा, कार्ड ७५, बाकी एसएसडी, फॅन, यूएसबी मिळून वीस-पंचवीस, म्हणजे दोनशेच्या आत राहतो, २९० वॉटचा सप्लाय आरामात झेलतो. यात बसणारी जुनी कार्डं म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय, २०१६चं, आणि जीटीएक्स १६५०, २०१९चं, दोन्ही ४ जीबीची. आरएक्स ६४०० पण आहे, फक्त ५३ वॉटचं, पण त्याला डेटा ये-जा करायला चारच लेन आहेत आणि आपल्या या बोर्डाची खाच जुनी, थर्ड जनरेशनची (ही खाचेची जनरेशन, प्रोसेसरची वेगळी), तिथं ते अडखळतं. म्हणून मी १६५० धरलं.

जरीपटक्यात एक इंजिनीअरिंगचा मुलगा विकत होता, ६,२०० रुपयांना. संध्याकाळी गेलो, त्याच्याच मशीनवर चालवून पाहिलं, मस्त चाललं, पैसे दिले, घरी आलो. आणि घरी दिव्याखाली नीट पाहिलं तर कार्डाच्या कडेला सहा पिनचं सॉकेट. १६५० दोन प्रकारचे असतात हे मला माहीतच नव्हतं, कंपनीनं वेग वाढवून दिलेल्या काही मॉडेलना सहा पिनची वायर लागते आणि ती नसेल तर कार्ड चालत नाही. त्याच्या मशीनमध्ये ती वायर लावलेली होती, मी पाहायला पाहिजे होतं, पाहिलं नाही.

आता काय. ओळखीच्या एका दुकानदारानं सांगितलं टेन्शन नको घेऊ, दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर येतो, हार्डडिस्कच्या साटा वायरमधून सहा पिन काढून देतो, सगळे लावून राहिले. मी घेतलाही हातात. पण घरी आल्यावर त्या पिनांचा हिशेब मांडला. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येक दीड अँपिअरची, म्हणजे सगळ्या मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॉट. आणि सहा पिनचं सॉकेट ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, घरातली हवाच ४०च्या वर असताना, ती बारीक जोडणी तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट ओढत राहणार, रात्री दोन वाजता, पोरगा हेडफोन लावून बसलेला. अशा कन्व्हर्टरांचं प्लास्टिक वितळतं. मी तो लावला नाही. धाकटा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, सगळे लावतात तूच घाबरते म्हणे. घाबरतेच, आणि त्या बाबतीत घाबरणंच बरोबर आहे असं मी त्याला तेव्हाही सांगितलं.

जरीपटक्याच्या मुलाला फोन करून खरं कारण सांगितलं. त्यानं कार्ड परत घेतलं, ५०० रुपये कापून. त्याची काही चूक नव्हती तेव्हा मी घासाघीस केली नाही. मग दहा दिवस रोज रात्री ऑनलाइन जाहिराती पाहणं. प्रत्येकाला मी पहिला निरोप एकच पाठवायचे, दादा कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो पाठवा. अर्धे लोक तिथंच गळाले. एकानं १०५० टीआय ३,००० मध्ये सांगितलं, फार स्वस्त, जाऊन पाहिलं तर जीपीयू-झी नावाचं कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर लावल्यावर नावाच्या आधी फेक असं आलं. जुन्या काळच्या कार्डावर खोटं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकून नव्या नावानं विकतात, विंडोज तेच खोटं नाव दाखवतं, ते छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन गेल्याशिवाय जुनं कार्ड बघायला जाऊच नका. शेवटी वर्धमाननगरला एका ग्राफिक डिझायनर ताईकडे मिळालं, एका फॅनचं, आखूड, बिनसॉकेटचं १६५०, ६,२०० लाच. तिनं बिलसुद्धा दिलं, आणि चहा पण. पाऊण तास चालवून पाहिलं, तापमान पाहिलं, फॅनचा आवाज कान लावून ऐकला, मग पैसे दिले.

त्या रात्री कार्ड खाचेत बसवताना आई, बाबा, धाकटा सगळे वाकून पाहत होते. टक असा आवाज आला, मागची निळी कडी बंद केली, सुरू केलं, आणि काहीच नाही. म्हणजे मशीन सुरू, फॅन सुरू, पण मॉनिटरची केबल कुठे लावायची? आमचा मॉनिटर बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा, १९ इंची, त्याला फक्त व्हीजीए, ती निळ्या टोकाची जाड केबल. कार्डाला व्हीजीए नाहीच. मदरबोर्डाला आहे, पण तिथं लावली तर कार्डाचा काय उपयोग, गेम मग प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरच चालणार. दुसऱ्या दिवशी २५० रुपयांचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला, त्यात छोटी चिप असते आणि ती सिग्नल बदलते, नुसती पिना जोडणारी साधी केबल इथे चालत नाही. लावला. चित्र आलं. धाकट्यानं आधीच डाऊनलोड करून ठेवलेला जीटीए फाईव्ह उघडला आणि तो समुद्रकिनारा पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा पोरगा खुर्चीतून उठून उभा राहिला. बसून खेळ ना, म्हटलं. नाही बसला बराच वेळ.

त्या मॉनिटरवर जीटीए हाय सेटिंगला साठच्या आसपास एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम, देतो, व्हॅलोरंट शंभरच्या पुढे जातो. मोठे नवे गेम मीडियम किंवा लो ला. आम्हाला पुरतं.

मग आला खरा मे. आमची खोली वरच्या मजल्यावर, गच्ची तापली की भिंतीला हात लागत नाही. दुपारी गेम लावला की कार्ड ८२ डिग्रीला जायचं आणि प्रोसेसरही मागोमाग. पहिली चूक ही होती की सीपीयू टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात ठेवला होता, तिथून बाहेर काढून विटांवर ठेवला. दुसरी गोष्ट कूलरची. धाकट्याला वाटलं कूलरसमोर ठेवला की गार राहील. तसं करू नका. कूलरची हवा ओली असते, तट्टे भिजवून येते, जोरात असला तर बारीक थेंबसुद्धा येतात, आणि नागपूरचं पाणी, तट्ट्यांवर पांढरे क्षार बसलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते सर्किटवर नको. खोलीत कूलर असू दे, झोत मशीनवर नको. तिसरं, फ्रेम साठवर बांधून टाकल्या, कारण मॉनिटरच साठ हर्ट्झचा आहे, त्यापुढच्या फ्रेम दिसतच नाहीत, फक्त उष्णता वाढते. आणि आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणली. एवढ्या सगळ्यानं कार्ड ७३ वर आलं, खेळण्यात फरक शोधूनही सापडेना.

त्यातच मेच्या शेवटी वादळं सुरू झाली, लाइट जायची. मामाच्याच ऑफिसातला एक मेलेला यूपीएस होता, त्याची बॅटरी बदलली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, ९५० रुपये. लाइट गेली की सहा-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात गेम सेव्ह करून नीट बंद करता येतं. कीबोर्ड-माऊस ८५० चा घेतला. मग माझ्या डायरीतला हिशेब असा झाला, रॅम १,३००, एसएसडी २,७००, कार्ड ६,२००, कापलेले ५००, पेस्ट १५०, कन्व्हर्टर २५०, बॅटरी ९५०, कीबोर्ड ८५०. एकूण १२,९००. उरले २,१००.

त्या उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर घरात बरंच बोलणं झालं. धाकट्याचा मित्र म्हणाला विंडोज इलेव्हन टाक, जुगाड करून टाकता येतं. इलेव्हनला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आमच्यात दोन्ही नाही, तरी जुगाडानं टाकता येतं हे खरं आहे. पण व्हॅलोरंटची जी चीटिंग पकडणारी यंत्रणा आहे ती इलेव्हनवर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनंच मशीन सुरू होऊ देणारी सोय) मागतेच, म्हणजे जुगाड केला आणि त्याचा सगळ्यात आवडता गेमच बंद पडला असं झालं असतं. टेनवर ते मागत नाही. लिनक्सवर तर तो गेम चालतच नाही. म्हणून टेनवरच राहिलो. टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्याला नोंदणी करून घेतली. त्या मशीनवर बँकेचं काही करायचं नाही असा घरात नियम आहे.

उरलेले पैसे प्रोसेसरला लावले. झालं असं की नव्या गेममध्ये गर्दीच्या जागी चित्र क्षणभर अडकायचं. टास्क मॅनेजर पाहिलं तर कार्ड साठ टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसरचे चारही कोर शंभरला. कार्ड मोठं घेतलं असतं तरी काही फरक पडला नसता. याच बोर्डावर आय-सेव्हन ४७७० बसतो, चार कोर पण आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाती घेणारा, आणि तोही ८४ वॉटचाच, म्हणजे पॉवरचा हिशेब बिघडत नाही. दिवाळीच्या आधी एका जुन्या मालाच्या दुकानात २,६०० ला मिळाला. पाचशे माझे वर गेले, जाऊ दे. काढायचा, पुसायचा, सोन्याच्या त्रिकोणी खुणेकडे पाहून बसवायचा, पेस्ट लावायची. या वेळेस सगळं धाकट्यानं केलं, मी फक्त टॉर्च धरला. चिप ठेवताना त्याचा हात थरथरत होता आणि तो अजिबात घाई करत नव्हता. ते अडकणं जवळजवळ बंद झालं.

आता हातात उरला जुना आय-फाईव्ह आणि ४ जीबीची रॅम. मामाकडचा बारका ३०२० आठवला. त्यात आय-थ्री ४१५०, दोनच कोर, पण सॉकेट तेच. रविवारी दोघं धंतोलीला गेलो, आमचा आय-फाईव्ह त्यात बसवला, ४ जीबीची पट्टी त्याच्या रिकाम्या खाचेत लावली, आणि मामाला सांगून त्याच्याच पैशानं २४० जीबीची एसएसडी टाकली. मुनीमकाकांनी टॅली उघडलं तर लगेच उघडलं, ते चष्मा वर करून एकदा स्क्रीनकडे आणि एकदा धाकट्याकडे पाहून राहिले. महिन्याची १८ तारीख होती, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायला दोन दिवस उरलेले. मामा म्हणाला, "नवीन दोन घेतले ते परत देऊन टाकता येतील काय रे?" मग कपाटातून मी त्याच्या हातात दिलेली ती जुनी हार्डडिस्क काढली आणि धाकट्याला विचारलं, "हिच्यातला डेटा या नव्या पट्टीवर येते काय? अन् पुढच्या दसऱ्याले पूजेला ये, घरच्या मशीनचं स्वस्तिक मीच काढीन."